नवं कॉम्पॅक्ट पिस्तूल रेंजवर: पहिल्या १५० राउंडचा हिशेब

नवं पिस्तूल हातात आलं की पहिल्या दिवशी बहुतेक जण एकच करतात. टार्गेट सात यार्डांवर सोडायचं, मॅगझिन, म्हणजे मूठीत सरकवायचा काडतुसांचा डबा, गच्च भरायचं आणि पंधराच्या पंधरा राउंड, म्हणजे काडतुसं, धडाधड संपवायचे. भोकं खाली डावीकडे गोळा होतात. मग कुणी साइटला, म्हणजे पिस्तुलावरच्या नेम धरायच्या खुणांना, दोष देतं, कुणी स्वस्तातल्या काडतुसांना, तर कुणाला वाटतं की हे पिस्तूलच आपल्या हाताला बसत नाही. खरं कारण कळायला मार्गच नसतो, कारण पिस्तूल नवं, काडतुसं नवी आणि पकडही नवी. म्हणून पहिली फेरी पिस्तूल तपासण्यासाठीच ठेवावी आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच हिशेबाने लावल्या आहेत.

उदाहरणासाठी ग्लॉक १९ घेतलं आहे. हे ९ मिमी पिस्तूल १९८८ साली आलं आणि आजही दुकानदार इतर कॉम्पॅक्ट पिस्तुलांची तुलना त्याच्याशीच करतात. नळी १०२ मिमी, मॅगझिनमध्ये १५ राउंड, रिकाम्या मॅगझिनसह वजन पाऊण किलोच्या आत. इथले तपशील २०१७ साली आलेल्या पाचव्या पिढीचे, म्हणजे जेन ५ चे आहेत. सिग सावर पी३६५ किंवा स्प्रिंगफील्ड हेलकॅटसारखं आणखी छोटं पिस्तूल असेल तरी पायऱ्या याच. फक्त त्याचा धक्का जास्त जाणवतो आणि पकडीतली ढिलाई ते अजिबात खपवून घेत नाही.

हे सगळं अमेरिकेतल्या रेंजला धरून लिहिलं आहे. भारतात ९ मिमी प्रतिबंधित बोअरमध्ये, म्हणजे बंदी असलेल्या मापांत, येतं. सर्वसामान्य परवानाधारकाकडे .३२ बोअरचं पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर असतं आणि काडतुसांची संख्या परवान्यावरच बांधलेली असते. तपासणीची पद्धत तिथेही उपयोगी पडेल, पण एका फेरीत दीडशे राउंड झाडणं सहसा जमणार नाही.

आधी व्हिसा बघा

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी माणसांकडून सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं ते याच मुद्द्याकडे. केंद्रीय कायद्यानुसार एच-१बी, एच-४, एल-१, एफ-१, बी-२ अशा नॉन-इमिग्रंट व्हिसावर असलेल्या व्यक्तीला बंदूक किंवा काडतुसं बाळगता येत नाहीत. याला मोजके अपवाद आहेत. सामान्य माणसाच्या उपयोगाचा अपवाद म्हणजे एखाद्या राज्याचा चालू असलेला शिकारीचा परवाना. नागरिक आणि ग्रीन कार्डधारक यांना ही आडकाठी नाही. इथे ‘बाळगणं’ म्हणजे फक्त विकत घेणं नव्हे, रेंजवर भाड्याने घेऊन चार राउंड झाडणंही त्यात येतं. त्यामुळे भारतातून आलेल्या आईबाबांच्या हातात ‘एक फोटो काढूया’ म्हणून पिस्तूल देऊ नये. ते अडचणीत येतात आणि देणाराही येतो.

राज्यांचे नियम वेगळे. न्यू जर्सी, न्यूयॉर्क आणि कॅलिफोर्नियात मॅगझिनची मर्यादा १० राउंडची आहे, त्यामुळे खाली जिथे मॅगझिन पूर्ण भरायला सांगितलं आहे तिथे १० राउंड धरावेत. नेताना पिस्तूल रिकामं, बंद पेटीत आणि गाडीच्या डिकीत ठेवावं. काडतुसं वेगळ्या डब्यात असावीत. न्यू जर्सीत वाटेतले थांबेही गरजेपुरतेच असावे लागतात, म्हणून पटेल ब्रदर्स या भारतीय किराणा दुकानाची फेरी दुसऱ्या दिवशी करावी.

घरी: उघडा, बघा, तेल द्या

काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा. मॅगझिन काढा, स्लाइड, म्हणजे वरचा मागेपुढे सरकणारा भाग, मागे ओढून अडकवा, चेंबर, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाची काडतूस बसायची जागा, डोळ्यांनी बघा आणि करंगळीने चाचपा. मॅगझिनची विहीर, म्हणजे मूठीतली पोकळी, तीही बघा. या दोन जागा रिकाम्या दिसल्याशिवाय पुढे जायचं नाही, कारण ग्लॉक उघडण्यासाठी ट्रिगर दाबावाच लागतो. ‘रिकामंच होतं’ म्हणत उघडताना घरात गोळी सुटण्याचे अपघात याच पायरीवर होतात. दाबताना नळी अशा दिशेला असावी की चुकून गोळी सुटलीच तर ती अडेल आणि कुणाला लागणार नाही. फ्लॅटमधली पातळ भिंत या कामाची नाही, पलीकडे माणसं राहतात.

स्लाइड पुढे सोडा आणि ट्रिगर दाबा. मग स्लाइड जेमतेम तीन-चार मिलिमीटर मागे धरून फ्रेमच्या दोन्ही बाजूंची छोटी पट्टी खाली ओढा आणि स्लाइड पुढे काढा. ती जास्त मागे गेली तर ट्रिगर पुन्हा पुढे येतो आणि स्लाइड निघत नाही. अशा वेळी जोर लावू नये, पहिल्यापासून करावं. आता चार भाग समोर असतील: फ्रेम, स्लाइड, नळी आणि रिकॉइल स्प्रिंग.

नळीतून उजेड बघा. आत कारखान्यातलं जाड ग्रीस, धागा किंवा धातूचा कण राहिलेला असू शकतो. कोरडी चिंधी दोन-तीनदा फिरवली की पुरे. स्लाइडच्या आत काही ठिकाणी तांब्याच्या रंगाचं वंगण दिसेल. ती घाण नाही. कंपनीने ते मुद्दाम लावलेलं असतं आणि मॅन्युअलमध्येच ते पुसू नका असं लिहिलेलं आहे.

तेल कमी लागतं, डोळ्यांत औषध घालताना पडतो तेवढा थेंबसुद्धा काही जागी जास्त होतो. नळीच्या बाहेरच्या अंगाला एक पुसट हात, नळी स्लाइडला घासते त्या वरच्या भागाला एक हात, स्लाइडच्या दोन्ही खाचांत थोडं, आणि फ्रेमच्या मागच्या उजव्या कोपऱ्यात, जिथे ट्रिगर बार, म्हणजे ट्रिगरला जोडलेली पट्टी, कनेक्टर नावाच्या तुकड्याला भेटते तिथे एक थेंब. ही शेवटची जागा सगळ्यात महत्त्वाची, आणि नेमकी तीच विसरली जाते. तिथे कोरडं राहिलं तर ट्रिगर जड आणि करकरीत लागतो. स्लाइडमध्ये स्ट्रायकर, म्हणजे काडतुसाला ठोका देणारी पिन, ज्या नळकांड्यात सरकतो तिथे मात्र तेल अजिबात नको. तेलाला काजळी चिकटते, स्ट्रायकर मंदावतो आणि काडतुसाच्या बुडातल्या प्रायमरवर, म्हणजे दारू पेटवणाऱ्या टिकलीवर, पुरेसा ठोका बसत नाही.

जोडताना रिकॉइल स्प्रिंगचं मागचं टोक नळीच्या खालच्या अर्धगोल खाचेत नीट बसलं आहे ना ते पाहा. जोडून झालं की रिकाम्या पिस्तुलाची चाचणी घ्या. स्लाइड ओढून सोडा, ट्रिगर दाबा, ‘टक्’ आवाज येईल. ट्रिगर दाबलेलाच ठेवून स्लाइड पुन्हा ओढा, मग ट्रिगर हळूहळू सोडा. मध्येच एक बारीक क्लिक ऐकू येईल आणि बोटाला जाणवेल, तो रीसेट. तिथून पुन्हा दाबलं की ठोका पडला पाहिजे. रिकामं मॅगझिन घालून स्लाइड ओढली की ती मागेच अडकली पाहिजे. सगळी मॅगझिन्स अशीच तपासा.

आता एक लहानसं काम, जे पुढे सगळ्यात जास्त उपयोगी पडतं. मॅगझिनच्या तळाला रंगाच्या पेनाने १, २, ३ असे आकडे घाला. अर्धस्वयंचलित पिस्तुलातल्या बऱ्याच तक्रारी मॅगझिनच्या निघतात, पण तिन्ही सारखी दिसत असतील तर दोषी कोण ते कधीच सापडत नाही.

मूठीची जाडीही घरीच ठरवून घ्यावी. जेन ५ सोबत मूठीच्या पाठीला लावायचे जादा तुकडे येतात. पिस्तूल हातात नीट धरल्यावर बोटाच्या पहिल्या पेराचा मधला भाग ट्रिगरवर सहज आला आणि मनगट व नळी एका रेषेत राहिली, तर माप बरोबर. बोट ताणावं लागलं तर तुकडा काढा, बोट पार दुसऱ्या पेरापर्यंत आत जात असेल तर मोठा लावा.

पिशवीत काय

पहिल्या फेरीला ९ मिमी ल्युगरची तीन खोकी, ५०-५० राउंडची, एकाच कंपनीची, ११५ किंवा १२४ ग्रेन वजनाची, पूर्ण तांब्याच्या वेष्टनाची गोळी आणि पितळी पुंगळी, म्हणजे काडतुसाचं कवच, असलेली घ्यावीत. ११५ ग्रेन म्हणजे साधारण साडेसात ग्रॅम, १२४ म्हणजे आठ. ९×१९, ९ मिमी पॅराबेलम आणि ९ मिमी ल्युगर ही एकाच काडतुसाची नावं आहेत. .३८० एसीपीला मात्र ९ मिमी शॉर्टही म्हणतात आणि ते निराळं आहे, ९ मिमी मकारोवही निराळं. खोक्यावरचं नाव नळीवर कोरलेल्या नावाशी ताडून बघा. घरी भरलेली काडतुसं आणि बिनवेष्टनाची शिशाची गोळी या चाचणीत नको, ग्लॉकची कंपनीही दोन्हींना नाही म्हणते. स्टीलची पुंगळी किंवा पोलादी वेष्टनाची गोळी स्वस्त पडते, पण बंदिस्त रेंजवर लोहचुंबक लावून बघतात आणि ती परत पाठवतात.

कानाला दुहेरी संरक्षण घ्यावं: आत फोमचे बोळे, वर कान झाकणारा मफ. पिस्तुलाच्या आवाजाचा उच्चबिंदू १५० डेसिबलच्या वर जातो आणि छताखाली तो भिंतींवर आपटून परत येतो. बोळ्यांनी घटणारे ३० आणि मफने घटणारे २५ डेसिबल मिळून ५५ होतात असं मात्र नाही. दुसऱ्या थराने चार-पाच डेसिबलचीच भर पडते, पण बंदिस्त रेंजवर तीही हवी. बोळा पिळून बारीक करून, कान वर ओढून आत घालायचा आणि फुगेपर्यंत धरून ठेवायचा. नुसता तोंडाशी अडकवलेला बोळा निम्मंही काम करत नाही. चष्मा झेड८७ असा, आघात सोसणाऱ्या चष्म्यांवरचा, शिक्का असलेला हवा. नंबरचा साधा चष्मा असेल तर त्याच्यावरून बसणारा घ्यावा.

अंगात बंद गळ्याचा सदरा, डोक्यावर पुढे झाप असलेली टोपी, पायात बंद बूट. पितळी पुंगळी तापूनच बाहेर येते. ती गळ्यातून आत किंवा चष्म्यामागे गेली की माणूस दचकतो आणि हातातली नळी भलतीकडे वळते. बाकी पिशवीत वही आणि पेन, डमी राउंड, म्हणजे दारू नसलेली खोटी काडतुसं, पाच-सहा, चिकटपट्टीचे ठिपके आणि साधी पांढरी टार्गेट्स. माणसाच्या आकृतीपेक्षा कोऱ्या कागदावर पाच सेंटिमीटरचा काळा ठिपका चाचणीला बरा, कारण ग्रुप, म्हणजे भोकांचा पुंजका, कुठे पडला ते लगेच दिसतं.

लेनवर

पिस्तूल पेटीतून लेनच्या, म्हणजे नेमबाजाला दिलेल्या जागेच्या, फळीवरच काढायचं, मागच्या टेबलावर नाही. पेटी उघडण्याआधी नळीचं तोंड कुठे येईल ते मनात ठरवा, बऱ्याच पेट्या उघडताच नळी उलटी, म्हणजे आपल्याकडे आलेली निघते. नळी सदैव टार्गेटकडे, नेम लागेपर्यंत बोट ट्रिगरबाहेर फ्रेमवर. मैदानी रेंजवर ‘सीझ फायर’, म्हणजे गोळ्या थांबवा, असं ऐकू आलं की आहे तिथे थांबा. मॅगझिन बाहेर, स्लाइड मागे, पिस्तूल फळीवर, आणि हात लांब. त्या वेळात मॅगझिन भरलं तर चालतं का, हे त्या रेंजच्या माणसाला आधीच विचारून घ्या. प्रत्येक ठिकाणी उत्तर वेगळं मिळतं.

पकडीबद्दल थोडक्यात. उजवा हात मूठीवर जितका वर बसेल तितका वर, अंगठा आणि तर्जनीमधला खळगा मागच्या वळणात घट्ट. डाव्या तळहाताने मूठीची उरलेली बाजू भरून काढा, दोन्ही अंगठे पुढे. डावखुऱ्यांनी हेच उलटं करावं. डाव्या हाताने घट्ट आणि उजव्याने थोडं सैल धरलं की ट्रिगरचं बोट मोकळं राहतं. अंगठे कुठे टेकतात त्यावर लक्ष असू द्या, खाली अडथळ्यांच्या भागात ते पुन्हा येणार आहे.

राउंडचा हिशेब

पहिला टप्पा पाच यार्डांवर. मॅगझिन १ मध्ये फक्त एक राउंड भरा. स्लाइड पूर्ण मागे ओढून सोडून द्या, हाताने सावकाश पुढे नेऊ नका, स्प्रिंगला तिचं काम करू द्या. झाडा. गोळी सुटली, पुंगळी बाहेर पडली आणि स्लाइड मागे अडकली, या तीन गोष्टी घडल्या पाहिजेत. मग त्याच मॅगझिनमध्ये दोन राउंड. यात एका दाबाला एकच गोळी सुटते ना आणि दुसरा राउंड आपोआप चढतो ना हे कळतं. मॅगझिनमध्ये एक-दोनच राउंड ठेवण्याचं कारण हेच की पिस्तुलात दोष असून ते आपोआप सुटत राहिलं, तरी दुसऱ्या गोळीला थांबेल. मग पाच राउंड. हेच मॅगझिन २ आणि ३ ला. एकूण २४ राउंड झाले.

जमिनीवरच्या दोन-चार पुंगळ्या उचलून बघा. मध्यभागी प्रायमरवर स्पष्ट खळगा हवा. पुंगळीला चीर, तळाशी फुगवटा किंवा फुटलेला प्रायमर दिसला तर इथेच थांबा आणि रेंजवरच्या माणसाला दाखवा.

दुसरा टप्पा १५ यार्डांवर, टेकू देऊन. हा टप्पा बहुतेक जण गाळतात आणि साइटबद्दल आयुष्यभर भांडत बसतात. फळीवर वाळूची पिशवी किंवा भरलेली रेंजबॅग ठेवा आणि मनगटं तिच्यावर टेका. पिस्तुलाची मूठ किंवा नळी टेकवू नका, धक्का वेगळा बसून गोळी सरकते. पाच राउंडचा एक असे तीन ग्रुप काढा, प्रत्येकासाठी नवा ठिपका. साध्या सराव-काडतुसांनी पाच गोळ्यांचा ग्रुप ५ ते ८ सेंटिमीटरमध्ये आला तर पिस्तूल उत्तम आहे. तिन्ही ग्रुप वेगवेगळ्या दिशांना गेले तर तो नेमबाजाचा प्रश्न. तिन्ही घट्ट, पण एकाच बाजूला सरकलेले असतील, तरच साइटचा विचार करायचा. हे १५ राउंड.

तिसरा टप्पा सात यार्डांवर, उभं राहून. आता तिन्ही मॅगझिन्स पूर्ण भरा. नव्या स्प्रिंगमध्ये शेवटचे दोन राउंड अंगठा सोलतात, पेटीतलं लोडर वापरा. भरलेलं मॅगझिन स्लाइड पुढे असताना आत घालायला जोर लागतो, तळहाताने ठोकून खाली ओढून बघा की अडकलं आहे. सावकाश झाडा, दोन गोळ्यांत दोन-तीन सेकंद. उद्देश एवढाच की पूर्ण दाबाखालची स्प्रिंग पहिला राउंड चढू देते का आणि पार ढिली झाल्यावर शेवटचा नीट वर देते का. हे ४५ राउंड.

चौथ्या टप्प्यात एका हाताने पाच आणि दुसऱ्या एकट्या हाताने पाच. पकड मुद्दाम कमी करून पिस्तूल किती सहन करतं ते इथे दिसतं.

आतापर्यंत ९४ झाले, ५६ उरले. ज्या टप्प्यात काही अडलं तो पुन्हा करायला हे ठेवलेले आहेत. काहीच अडलं नाही तर शेवटी डमीचा सराव करा. मॅगझिनमध्ये खऱ्या राउंडमध्ये न बघता दोन-तीन डमी मिसळा, कुणी सोबत असेल तर त्याला भरायला सांगा. डमीवर ट्रिगर दाबताना पुढची साइट खाली डुबकी मारत असेल, तर टार्गेटवरचं खाली डावीकडचं सगळं गूढ तिथेच उकलतं. उजव्या हाताच्या माणसाचा धक्क्याआधीच दचकण्याचा तो शिक्का आहे, डावखुऱ्याचा खाली उजवीकडे पडतो.

हात थरथरायला लागले की राउंड उरले असले तरी थांबावं. थकलेल्या हाताने काढलेला ग्रुप पिस्तुलाबद्दल काही सांगत नाही.

अडलं तर काय

स्वसंरक्षणाच्या वर्गात शिकवतात: मॅगझिनला चापट, स्लाइड ओढा, पुढे चला. चाचणीच्या दिवशी ही सवय आवरा. स्लाइड ओढली की पुरावा जमिनीवर पडतो. नळी टार्गेटकडे ठेवून, बोट बाहेर घेऊन आधी बघा, मग वहीत लिहा: कोणतं मॅगझिन, कितवा राउंड, पुंगळी कुठे अडकली. मग मोकळं करा.

ट्रिगर दाबला आणि काहीच झालं नाही, तर ३० सेकंद तसंच धरा. रेंजचा नियम ६० म्हणत असेल तर ६०. कधी काडतूस उशिरा पेटतं. त्यानंतर काढून प्रायमर बघा. खळगा खोल असेल तर काडतूस फुसकं. खळगा उथळ असेल आणि असं पुन्हा होत असेल तर स्ट्रायकरच्या नळकांड्यात तेल शिरलं आहे का, किंवा स्लाइड पूर्ण पुढे जात नाही का, ते पाहावं. फुसकं काडतूस रेंजवरच्या खास डब्यात टाकावं, कचऱ्यात किंवा खिशात नाही.

आवाज ‘धाड’ऐवजी ‘फुस्स’ आला आणि धक्का जाणवलाच नाही, तर पुढचा राउंड कोणत्याही परिस्थितीत झाडू नये. गोळी नळीतच अडकलेली असण्याची शक्यता आहे आणि मागून दुसरी आली तर नळी फुटते. मॅगझिन काढा, पिस्तूल रिकामं करा, रेंजच्या माणसाला बोलवा. तोंडाकडून आत डोकावू नका. नळी बाहेर काढून, चेंबरकडून आरपार उजेड दिसतो का ते पाहतात.

रिकामी पुंगळी स्लाइडच्या खिडकीत, म्हणजे पुंगळी बाहेर पडायच्या फटीत, उभी अडकली, तर पहिला संशय मनगटावर. हलकं पिस्तूल ढिल्या हातात मागे झुकतं, त्यामुळे स्लाइडला मागे जायला पुरेसा आधार मिळत नाही. पकड घट्ट करून त्याच मॅगझिनमधून पाच झाडा. तरीही झालं तर ते अनुभवी माणसाच्या हातात द्या, अर्थात कायद्याने धरता येतं अशाच माणसाच्या. त्याच्याकडूनही झालं तर काडतूस बदला. तिथेही झालं तर एक्स्ट्रॅक्टर (पुंगळी ओढणारं नख) किंवा इजेक्टर (ती बाहेर फेकणारा तुकडा) यांच्याकडे बघावं लागेल. हाच क्रम का? हातातला दोष फुकटात दुरुस्त होतो, काडतुसाचा एका खोक्यात, पिस्तुलाचा कुरिअर आणि काही आठवडे घेऊन.

दोन राउंड एकदम चढून गच्च बसले तर आधी स्लाइड मागे अडकवा, मॅगझिन जोर लावून ओढून काढा, स्लाइड तीन-चारदा झटका, चेंबर बघा, मग पुन्हा भरा. हे बहुधा पुंगळी चेंबरमधून न निघाल्यामुळे किंवा मॅगझिनचे वरचे ओठ वाकल्यामुळे होतं.

स्लाइड पूर्ण पुढे न जाता दोन-तीन मिलिमीटर अलीकडेच थांबली, तर ती हाताने सावकाश सोडली होती का ते आठवा. नव्या पिस्तुलात पहिल्या शंभर राउंडांत असं एखाददुसऱ्या वेळी होतं आणि पुढे आपोआप सुटतं. वारंवार होत असेल तर चेंबर घाण आहे किंवा काडतूस मापाबाहेर आहे.

शेवटच्या राउंडनंतर स्लाइड मागे अडकली नाही, ही नव्या कॉम्पॅक्टबद्दलची सगळ्यात नेहमीची तक्रार, आणि बहुतेक वेळा तिचं कारण अंगठा असतो. पुढे केलेले अंगठे स्लाइड मागे अडकवणाऱ्या स्लाइड स्टॉपच्या छोट्या पट्टीवर टेकतात आणि तिला वर येऊ देत नाहीत. जेन ५ मध्ये ही पट्टी दोन्ही बाजूंना आहे, त्यामुळे डावखुऱ्यांनाही सुटका नाही. उलटही होतं: अंगठा पट्टीला वर ढकलतो आणि मॅगझिनमध्ये राउंड असतानाच स्लाइड मागे अडकते. अंगठे मुद्दाम वर उचलून पाच राउंड झाडा. दोष गेला तर तो तुमचा. गेला नाही आणि एकाच आकड्याच्या मॅगझिनमध्ये येत राहिला, तर त्या मॅगझिनचा.

साइटला कधी हात लावायचा

पहिल्या दिवशी नाही. दुसऱ्या फेरीतही टेकूवरचे तिन्ही ग्रुप त्याच बाजूला, तेवढेच सरकलेले आले तर मागची साइट हलवावी. भोकं ज्या दिशेला न्यायची त्याच दिशेला ती सरकवायची. किती, ते गणिताने काढा: चूक गुणिले दोन्ही साइटमधलं अंतर, भागिले टार्गेटचं अंतर. ग्लॉक १९ वर साइटमधलं अंतर सुमारे १५३ मिमी. १५ यार्ड म्हणजे १३.७ मीटरवर भोकं ५ सेंटिमीटर डावीकडे पडत असतील, तर साइट उजवीकडे अर्ध्या मिलिमीटरहून किंचित जास्त सरकवावी लागेल. एवढं बारीक काम हातोडीने होत नाही. रेंजवरच्या दुरुस्तीवाल्याकडे साइट ढकलायचं स्क्रूचं यंत्र असतं, तिथून करून घ्यावं.

उंचीची चूक सरकवून जात नाही, मागची साइटच बदलावी लागते. ग्लॉकच्या मागच्या साइट ६.१, ६.५, ६.९ आणि ७.३ मिमी अशा उंचींच्या मिळतात. ६.५ ची काढून ६.९ ची लावली तर १५ यार्डांवर भोकं साधारण साडेतीन सेंटिमीटर वर चढतात. पण आधी काडतुसाचं वजन बदलून बघा. ११५ आणि १२४ ग्रेनच्या गोळ्या थोड्या वेगळ्या उंचीवर पडतात आणि कधीकधी तेवढ्यानेच काम भागतं.

रेंजवरून निघताना आणि घरी

हात साबणाने गार पाण्यात धुवा, मग फोनला हात लावा. प्रायमरमधल्या शिशाची धूळ हातावर, चेहऱ्यावर आणि कपड्यांवर बसते, बंदिस्त रेंजवर जास्तच. लेनवर खाणं-पिणं नको. कपडे वेगळे धुवा, बूट दाराबाहेर ठेवा. घरात रांगतं मूल असेल तर हे नक्की पाळा. गरोदर बाईने बंदिस्त रेंजवर जाऊ नये.

पिस्तूल त्याच दिवशी साफ करा. वर सांगितलं तसंच रिकामं करून, उघडून, नळीत चेंबरकडून सॉल्व्हंट लावलेला ब्रश आठ-दहा वेळा आरपार काढा, मग चिंध्या, त्या साधारण स्वच्छ निघेपर्यंत. स्लाइडच्या आतली सपाट जागा, जिथे पुंगळीचं बूड टेकतं, ती टूथब्रशने घासा आणि एक्स्ट्रॅक्टरच्या नखाखाली अडकलेला पितळेचा कीस काढा. नळीच्या वरच्या कडेला घासल्याचे चकचकीत पट्टे दिसतील, ते साहजिक. एकाच बाजूला खोल ओरखडा किंवा धातू दुमडलेला दिसला तर फोटो काढून कंपनीला पाठवा. खिडकी उघडी ठेवा, स्वयंपाकाच्या ओट्यावर हे काम करू नका. पिस्तूल कुलपात ठेवा, किल्ली किंवा कोड मुलांच्या आणि पाहुण्यांच्या हाती लागू नये.

रेंजची पिशवी ही फक्त रेंजचीच पिशवी राहू द्या. तिच्या कप्प्यात अडकलेलं एक विसरलेलं काडतूस घेऊन मुंबई किंवा पुण्याच्या विमानतळावर उतरलात, तर १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल होऊ शकतो आणि ‘लक्षात नव्हतं’ हे पोलिसांना नव्हे, कोर्टात सांगत बसावं लागतं.

दुसरी फेरी

आठवड्याभरात जा, त्याच पकडीने. या वेळी दुसऱ्या वजनाची १०० सराव-काडतुसं घ्या. पिस्तूल संरक्षणासाठी ठेवणार असाल तर त्यासाठी निवडलेल्या पोकळ टोकाच्या काडतुसांचे ५० राउंडही घ्या. पोकळ टोकाच्या गोळीचा आकार बोथट असतो, त्यामुळे गोल टोकाच्या गोळीवर सुरळीत चाललेलं पिस्तूल हिच्यावर अडू शकतं. तिन्ही मॅगझिन्समधून ती वाटून झाडा. पन्नासांत एकदाही अडलं, आणि तुमच्या पकडीमुळे नव्हे, तर त्या काडतुसाचा ब्रँड बदला आणि पन्नास पुन्हा मोजा. महाग पडतं, पण इथे काटकसर करू नये.

निवडलेली काडतुसं घरी चेंबरमध्ये चढवून पुन्हा पुन्हा काढत असाल, तर तेच काडतूस प्रत्येक वेळी वापरू नका. दर वेळी स्लाइड आपटून गोळी पुंगळीत थोडी थोडी आत ढकलली जाते आणि आत गेलेल्या गोळीचा दाब वाढतो. नव्या काडतुसाशेजारी उभं करून बघा. लांबीत डोळ्याला फरक दिसला तर ते झाडायचं नाही, रेंजच्या त्याच डब्यात टाकायचं.